विमानाच्या माळावरची रास

दोन हजार तेवीस साल होतं. मी शहात्तर वर्षांचा होतो. आमच्या माळावर विमान उतरायचं बंद झालं तेव्हा मी जन्मलोसुद्धा नव्हतो, आणि त्या वर्षी सोयाबीनच्या दिवसांत ते परत आलं. चूक कुणाची यावरून पारावर अजून वाद होतो. मी त्या वादात पडत नाही. जसं झालं तसं इथं लिहितो. माझी शाळा तिसरीपर्यंतच, आणि तीसुद्धा त्याच माळावर झालेली. त्यामुळं लिहिण्यात काही वाकडं गेलं तर ते माळाच्या नावावर घालावं, माझ्या नाही.

घाटनांदूरच्या रस्त्यानं आमच्या गावाकडं वळलं की डाव्या हाताला तो माळ लागतो. मोठ्या लढाईच्या वख्ताला, निजामाचं राज्य असताना, तिथं विमान शिकायचा तळ होता. दगड-मुरूम दाबून वर शिमिटाचा थर दिलेली लांबच लांब पट्टी आणि बाजूला पत्र्याची शेडं. शिकाऊ पोरं विमान घेऊन यायची, चाकं पट्टीला टेकवायची आणि तशीच परत उठायची. माझा बाप म्हणायचा, नवं वासरू उभं राहायला शिकतं तसा खेळ दिवसभर चालायचा.

पट्टीच्या दोन्ही अंगाला गुडघ्याएवढे दगड ओळीनं पुरलेले आहेत. ते वरून दिसावेत म्हणून त्यांना चुना मारायचं काम बापाकडं होतं. ऐकणाऱ्याला हे काम हलकं वाटेल. पण त्याआधी माझ्या बापाला गावात एकच काम होतं, हाक आली की जायचं. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा पोचवायचा, आणि मळणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या खळ्यापासून लांब उभं राहून घोंगडं पसरायचं. त्यात पडेल ते आमचं. माझी आई तेव्हा चपला हातात घेऊन उभी राहायची, कारण आमच्या चपलेची धूळ उडाली तर त्यांची रास बाटायची. तळावरच्या साहेबानं बापाला जात विचारली नाही. कुंचा दिला, बादली दिली, गळ्यात पितळी बिल्ला घातला. बापाच्या जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातचं काम कुणीतरी वरून बघत होतं.

लढाई संपली, विमानं गेली. जाताना साहेब बापाला म्हणाला, दगड पांढरे ठेव, आम्ही परत येऊ. तो मनापासून बोलला का जाता जाता बोलला, कुणाला ठाऊक. बापानं ते धरून ठेवलं. दरवर्षी पोळ्याच्या आधी पदरच्या चुन्यानं तो सगळे दगड रंगवायचा. लोकं हसायची. बाप गेला, कुंचा माझ्याकडं आला, आणि लोकं मला हसायला लागली. मीही सोडलं नाही. हसणाऱ्याचे दात मोजत बसलं तर माणसाचं कोणतंच काम होत नाही.

मधल्या काळात माळानं लई रूपं घेतली. शेडात शाळा भरली, तिथंच मी शिकलो. पुढं शेडांचे पत्रे एकेक करून लोकांच्या गोठ्यांवर गेले. काही वर्षं गुरांचा बाजार भरला. आता पोलीस भरतीची पोरंपोरी पहाटे तिथं पळतात, आणि ज्यानं नवी गाडी घेतली तो ती चालवायला तिथंच शिकतो. पण माझ्या लेखी त्या माळाचा खरा उपयोग एकच. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, गावकीची कामं टाकली आणि पुढं गायरानाचा तुकडा वाहायला घेतला. पहिली ज्वारी आली तेव्हा मळायची कुठं हा सवाल पडला, कारण आम्हाला खळं कोण देणार? बापानं कणसं विमानाच्या पट्टीवर नेली. सरकारी जागा, वर शिमिट, कुणाच्या मालकीची नाही. त्या दिवशी माझी आई राशीजवळ बसली. कडेला उभी राहिली नाही. बाकीच्या गावाला मागून कळलं की तिथं धान्यात माती लागत नाही, खडा लागत नाही, मग तेही आले. आज सगळ्या गावाचं खळं तिथं आहे. पण पहिली रास आमची.

त्या राशीचा एक कायदा आमच्या घरात आहे. देव सोडले, पण कायदा सोडला नाही. रास मापायला बसलं की बोलायचं नाही. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि पुढची मोजणी मनात. मापणाऱ्याला हाक मारायची नाही. मापणाऱ्यानं उठायचं नाही, मान वर करायची नाही. राशीजवळ चपला घालून यायचं नाही, हे तर सांगायलाच नको. आता सोयाबीन कट्ट्यात म्हणजे गोणीत भरतात आणि कट्टे काट्यावर जातात, पायलीनं कुणी मापत नाही. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, मापते. आधी पायली, मग कट्टा. तिला हे माझ्या आईनं शिकवलं, आणि घरात ते मोडू दिलं नाही ते मी. सुनेनं एकदा मापणी चालू असताना चहाचं विचारलं, तर मी तिला चारचौघांत बोललो होतो. त्यानंतर मापणीच्या वेळी ती पोर खोकलासुद्धा दाबून धरायची.

तर त्या वर्षी पाऊस कमी झाला, पण कुंच्याला पावसाशी काय करायचं? पोळ्याच्या आधी मी चुना आणायला दुकानात गेलतो. दुकानदार आप्पा माझ्याच वर्गातला. त्या पत्र्याच्या शेडात आम्ही दोघांनी मिळून पाढे म्हटलेले. तो पुढं शिकला आणि बापाच्या गादीवर बसला. चुना बांधताना त्याचं दरवर्षीचं बोलणं ठरलेलं.

‘काय बे, यंदा तरी उतरतंय का इमान?’

‘उतरलं तरी तुला न्हाई बसू देणार,’ मी म्हणालो. हेही ठरलेलंच.

पोळा झाला, सोयाबीन पिवळं पडलं, काढलं, ढीग रचून बनीम लावली. ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी दुपार कललेली होती. पट्टीवर युसूफ वडगावच्या एका ड्रायव्हरचं मळणीयंत्र चालू होतं, ट्रॅक्टरच्या मागं जोडलेलं. आमची मळणी सकाळीच उरकली होती, आता आप्पाची चालली होती आणि आप्पा छत्री धरून उभा होता. मशीनीपुढं शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. भुसकटाचा लोट सगळीकडं. आमची रास पट्टीच्या मधोमध ताडपत्रीवर होती. म्हातारीनं डोक्यावरून कानावरून पदर घट्ट गुंडाळला, चपला लांब दगडापाशी काढल्या, राशीला हात लावून तो डोळ्याला लावला आणि बसली. ‘लाभ’ म्हणाली ते मला ओठांवरून कळलं. त्यानंतर ती कुणाची नव्हती. मी कडेच्या एका पांढऱ्या दगडाला टेकून बघत होतो.

मला आधी सावली दिसली. सावली पट्टीवरून सरकन गेली आणि आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. लहानसं पांढरं विमान होतं, इतकं खाली की त्याची चाकं दिसली. बाया हात हलवायला लागल्या. आप्पानं छत्री मिटली आणि माझ्याकडं बघितलं. मला त्या घडीला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला आनंद झाला. मशीनीत बोललेलं त्याला ऐकू गेलं नसतं, म्हणून मी नुसतं बोट वर केलं आणि ते तसंच धरलं, त्याला नीट दिसावं म्हणून.

विमान पुढं गेलं, टेकडीच्या अंगानं वळायला लागलं. तेव्हा मशीनीच्या आवाजातून मला त्याचा आवाज कळला. लागायचा, थांबायचा, परत लागायचा. विहिरीवरचं इंजिन डिझेल संपताना खोकतं तसा. मग खोकला थांबला तो थांबलाच. विमान वर तसंच होतं, फक्त त्याला आवाज नव्हता. ते सावकाश फिरलं आणि त्याचं नाक पट्टीच्या सरळ रेषेत आलं.

बाप सांगायचा, दगडांच्या मधी नाक आलं की ते खाली येणारच, मग तिथं माणूस असो का म्हैस. तळावर असं नाक वळलेलं दिसलं की बाप बादली टाकून दगडांच्या बाहेर पळायचा. मी बोट खाली घेतलं. दगडांच्या आत मशीन होतं, बाया होत्या, राशी होत्या, आणि माझी म्हातारी होती.

मी खांद्यावरचा गमजा हलवत मशीनीपुढं गेलो. ड्रायव्हरला वाटलं पट्ट्यात कुणाचा हात गेला, तो मशीन बंद करायला निघाला. मी त्याचं तोंड धरून वर केलं. त्यानं बघितलं. मग त्या माणसानं जे केलं ते मी विसरणार नाही. मशीन बंद न करता, जोडलेलं न सोडता, तसंच ट्रॅक्टर हाणून ओढत पट्टीबाहेर नेलं. भुसकट उडतच होतं, बनीम त्याच्या चाकाखाली गेली. बाया त्याच्यामागं पळाल्या. आप्पा भरलेल्या कट्ट्यांच्या आडोशाला जाऊन बसला होता. मी त्याला ओरडून सांगितलं की तिथंच येतंय ते, तेव्हा तो हातापायांवर रांगत दगडांच्या बाहेर गेला. छत्री मात्र सोडली नाही.

सून आधीच राशीकडं पळाली होती. तिनं म्हातारीचा खांदा धरला, ओढला, ‘आत्याबाई, उठा, आत्याबाई’ म्हणून कानाशी ओरडली. म्हातारीनं मान वर केली नाही. डाव्या हाताचा पंजा दाखवला, थांब म्हणून, आणि उजव्या हातानं पायली राशीत घातली. सुनेनं परत ओढलं. म्हातारीनं तिचा हात झटकला. तेवढ्यात मी पोचत होतो. सुनेनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं की मामा, कायदा तुमचा आहे, आता तुम्हीच बघा. मी तिला पळ म्हणून सांगितलं.

विमान आता पट्टीच्या टोकावर आलतं. पुढची काच दिसत होती. आवाज काहीच नाही, घार उतरावी तसं. म्हातारी अंगानं थोराड, तिला उचलायला दोन गडी लागतात, आणि माझे गुडघे गेलेले. हाक मारून उपयोग नव्हता. पन्नास वर्षांवरच्या संसारात माझ्या ओरडण्यानं ती कधी जागची हललेली नाही, आणि मापताना तर मीच तिला हलू नको म्हणून शिकवलेलं. तिला उठवील अशी एकच गोष्ट मला ठाऊक होती.

मी चपलांसकट राशीत शिरलो.

पोटऱ्यांपर्यंत सोयाबीन आलं. मी लाथ घातली, रास फुटली, दाणे तिच्या मांडीवर, पायलीवर, पट्टीवर उधळले. दुसरी लाथ घातली. तिनं मान वर केली. पहिल्यांदा तिनं माझ्या पायाकडं बघितलं, चपलांकडं, आणि मग तोंडाकडं. त्या नजरेत नवरा-बायकोचं काही उरलेलं नव्हतं. ती उठली. इतक्या वर्षांत ती हाताचा टेकू न घेता कधी उठलेली मी बघितली नव्हती, ती तशी उठली, आणि पायली उगारून माझ्यावर धावली.

मी पळालो. गुडघ्यांचं नंतर बघू म्हणून पळालो. दगडांकडं, दगडांच्या बाहेर. मागून तिच्या अनवाणी पायांचा आवाज आणि शिव्या. माझ्या आईच्या नावानं नाही, आईला ती मानायची, माझ्याच नावानं. दगडांची ओळ ओलांडली आणि पायली माझ्या पाठीत बसली. त्याच वेळी मागून वाऱ्याचा झोत आला, आणि दोघंही आडवे झालो.

मी मान वळवली तेव्हा विमानाचं एक चाक आमच्या राशीत घुसलं होतं. विमान तिथंच गर्रकन फिरलं, पंख खाली गेला, पट्टीवर घासत गेला आणि एका पांढऱ्या दगडाला अडकून थांबला. दगड उखडला नाही. पंख मोडला. मग फक्त लांबून मशीनीची घरघर, तीही ड्रायव्हरनं बंद केली.

सगळ्यांत आधी म्हातारी उठली. तिला अजून पुरतं कळलं नव्हतं, पण आत कुणीतरी आहे एवढं कळलं. ती आणि सून विमानाकडं गेल्या. दार उघडलं. आत एक मुलगी होती, एकटीच, आमच्या भरतीच्या पोरींच्या वयाची. कपाळ फुटलं होतं. ती दोन्ही हातांनी दांडा धरून बसली होती आणि सोडत नव्हती. म्हातारीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. पदर फाडून कपाळाला बांधला. मुलीला खाली बसवलं, पाणी पाजलं. ती पाणी पीत राशीकडं, दगडांकडं, आमच्याकडं बघत होती.

आप्पानं विचारलं, ‘बाई, तुमी हितंच कावून उतरलात?’

‘पांढरे दगड दिसले,’ ती म्हणाली.

आप्पा माझ्याकडं वळला.   सत्तर वर्षं माझ्या बापाला आणि मला हसणाऱ्या गावापुढं एक परकी पोर हे बोलली होती, आणि पाठीत पायलीचा ठणका असूनही मी ताठ उभा राहिलो.

ते ताठपण दिवस मावळेपर्यंतच टिकलं. पोलीस आले, सरकारी दवाखान्याची गाडी आली, मुलीच्या जखमेला टाके घालून झाले. आणि एका जीपमधून तिचा मास्तर आला, विमान शिकवणारा. त्याची शाळा लांबची, पण मास्तर मराठी होता. तो पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मग लोकांना विचारलं, या दगडांना चुना कोण लावतं?

 एरवी माझं नाव घेऊन हसणारी माणसं, पण त्या वेळी एकानंही माझ्याकडं बोट दाखवलं नाही. आप्पासुद्धा जमिनीकडं बघत होता. मला ते आवडलं नाही. मी काही चोर नव्हतो.

‘मी लावतो,’ मी म्हणालो. ‘माझ्या आधी माझा बाप लावायचा.’

मास्तर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यानं शांतपणे सांगितलं, की इंजिन बिघडलं तर मोकळं रान बघून उतरायचं, असं तिला शिकवलेलं आहे. आजूबाजूला सगळी कापणी झालेली रानं होती. ती तिकडंच वळणार होती. पांढऱ्या ओळी दिसल्या आणि तिला वाटलं, ही चालू पट्टी आहे, इथं मोकळं असणार.

मी म्हणालो, ‘रानात बांध हायत. इहिरी हायत. तिकडं गेली असती तर आज बोलत बसली नसती.’

‘असेल,’ तो म्हणाला. ‘पण रानात मधोमध कुणी आजी बसलेली नसती.’

मी तिथून हललो नाही. मग तो म्हणाला, दोनांतलं एक करा. चुना खरवडून टाका. किंवा तो ठेवायचाच असेल, तर पट्टीवर मोठी पांढरी फुली मारा. वरच्या माणसाला फुली दिसली की तो समजतो, ही जागा बंद आहे, इथं उतरायचं नाही.

‘माझ्या बापाचं काम बंद झालेलं न्हाई,’ मी म्हणालो. ‘फुलीबी मारणार न्हाई आन चुनाबी काढणार न्हाई.’

‘मग खळं बंद करा.’

‘तेबी न्हाई.’

मागून कुणीतरी हसलं. मास्तर हसला नाही. तो जीपकडं गेला. मुलगी जीपमध्ये मागं बसली होती, कपाळावर पांढरी पट्टी. तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं, आभार मानणार. मी गेलो.

‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘त्या आजी मला वरून दिसल्या होत्या. बसलेल्या. मला परत वर जाता येत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.’

एवढंच. जीप निघून गेली. मोडक्या विमानाजवळ एक पोलीस खुर्ची टाकून बसला. लोक घरी गेले. मी दगडाशी उभा राहून ती पोर काय म्हणाली ते परत परत ऐकत होतो. डोळे मिटले. म्हणजे खालचं माणूस मरणार, हे तिनं मान्य केलं होतं. वरून तिला माझी बायको मेलेली दिसली होती, आणि तिला तिथं आणलं होतं माझ्या चुन्यानं.

घरी म्हातारी अंगणात पायलीचा काठ बघत बसली होती. माझ्या पाठीवर आपटल्यानं तो थोडा वाकला होता. मी शेजारी बसलो. सुनेनं चहा आणून ठेवला आणि आत गेली.

‘जीव वाचला तुझा,’ मी म्हणालो.

‘राशीत चपला घातल्या तुमी.’

‘आगं, मग काय करू? तू उठंना.’

तिनं पायलीच्या वाकलेल्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘सासूबाई दुसऱ्याच्या खळ्यावर चपला हातात घेऊन उभ्या राह्यच्या. मला सांगायच्या, सूनबाई, आपली रास झाली तर तिथं कुणाची चप्पल येऊ देऊ नको. तवापासून येऊ दिली न्हाई. आली ती तुमचीच.’

मी चहा घेतला नाही.

‘मापताना उठायचं न्हाई, हे तुमीच म्हनलता,’ ती म्हणाली. ‘ते मी पाळलं. आन मामंजी दगड रंगवायचे ते खालचा मानूस मरावा म्हणून न्हाई. वरचा मानूस जगावा म्हणून रंगवायचे. आता खाली आपन हाव. त्याचं काय करायचं ते तुमीच बघा, तुमी लई शहाणे.’

तिनं पायली माझ्यापुढं ठेवली आणि ती आत गेली. काठ सरळ करायला हातोडी लागणार होती. मी ती शोधून आणली आणि रात्री उशिरापर्यंत पायलीचा काठ ठोकत बसलो. ठोकताना मला बापाची आठवण येत होती, पण कुंचा धरलेल्या बापाची नाही. नाक वळलेलं दिसलं की बादली टाकून पळणाऱ्या बापाची. पळायचं कधी, हे त्याला कळायचं. मला त्या दिवशी आनंदात बोट वर धरायचं सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या सुमारास मी उरलेला चुना भिजवला, बादली आणि कुंचा घेतला आणि माळावर गेलो. पोलीस खुर्चीत झोपला होता. भरतीची पोरं विमानाला वळसा घालून पळत होती. मागून म्हातारी आणि सून खराटा, सूप आणि पायली घेऊन आल्या. दोघींनी पट्टीवर उधळलेले दाणे झाडून गोळा केले, त्यातले आप्पाचे किती आणि आमचे किती याचा घोळ न घालता एका जागी केले, आणि म्हातारीनं चपला दगडापाशी काढल्या. तिच्या चपलांशेजारी मीही माझ्या काढल्या.

आप्पा छत्री घेऊन आला होता. कुंचा माझ्या हातात बघून त्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात म्हातारीनं राशीला हात लावला आणि ‘लाभ’ म्हणाली, आणि आप्पानं तोंड मिटलं. मापणी चालू झाली होती. मी कुंचा बुडवला आणि पट्टीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं, बाप रंगवायचा तेवढा दाट, फुलीचा पहिला पट्टा ओढत अनवाणी निघालो.